घरातील वडीलधारे गेल्यानंतर : बिले, घरपट्टी आणि वारसनोंद

घरातील कर्ता मनुष्य निवर्तल्यानंतरचे पहिले दिवस शोकात आणि धार्मिक विधींत जातात. त्या काळात कागदपत्रांचा विषय काढणे कोणासही रुचत नाही आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु विजेचे मीटर फिरतच असते, पाणीपट्टीची मुदत येऊन ठेपते आणि घरपट्टीचे बिल त्याच जुन्या नावाने दारात पडते. ज्याच्या नावाने ते येते तो हयात नसतो. जे हयात असतात त्यांपैकी कोणाचेही नाव त्यावर नसते. या विसंगतीकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही तर पुढे तिचे पर्यवसान थकबाकीत, दंडात आणि पुष्कळदा भावाबहिणींच्या वितुष्टात होते. हा प्रश्न राज्यात सर्वत्र सारखाच असला, तरी एखाद्या प्रत्यक्ष गावाच्या संदर्भात तो अधिक स्पष्टपणे कळतो. म्हणून येथे ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील उत्तन हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे.

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून मुर्धे, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावे ओलांडीत रस्ता उत्तनला पोहोचतो. चौक आणि पाली ही शेजारची वस्ती. मासेमारी हा येथील मुख्य व्यवसाय आणि वस्तीत ख्रिस्ती कोळी बांधवांची संख्या मोठी. पूर्वी येथे ग्रामपंचायत होती. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली, १९९० साली उत्तन तिच्या हद्दीत आले आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी त्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. साठीच्या घरातील उत्तनकराने अशा रीतीने एकाच उंबरठ्यावर तीन स्थानिक संस्थांचा कारभार पाहिला आहे. जुन्या घरातील पत्र्याची पेटी उघडली तर ग्रामपंचायतीच्या पावत्या, नगरपालिकेची बिले आणि महानगरपालिकेची मागणीपत्रे एकावर एक रचलेली सापडू शकतात. आणि तिन्हींवर आजोबांचेच नाव असणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हे. आजोबा गेले, वडील गेले, कर भरला जात राहिला, पण नाव बदलले नाही. मग घराची दुरुस्ती, कर्ज किंवा वाटणी यांपैकी एखादी निकड उभी राहते तेव्हा दोन पिढ्यांचे राहिलेले काम एकदम करावे लागते.

मृत्यूची नोंद

सर्व कामांचा पाया म्हणजे मृत्यूचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे द्यावयाची असते. रुग्णालयात मृत्यू झाल्यास ही खबर रुग्णालय देते. घरी झाल्यास ती जबाबदारी कुटुंबप्रमुखावर किंवा जवळच्या नातेवाईकावर येते. मुदतीत नोंद झाल्यास खबर देणाऱ्यास दाखल्याची एक प्रत विनाशुल्क मिळते. २१ दिवसांनंतर परंतु ३० दिवसांच्या आत विलंबशुल्क भरून नोंद होते, त्यानंतर वर्षभरापर्यंत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक ठरतो.

उत्तनसारख्या गावात एक गैरसमज संभवतो. दफन चर्चच्या दफनभूमीत होते, त्याची नोंद चर्चच्या वहीत होते आणि तेवढ्याने काम झाले असे घरच्यांना वाटू शकते. चर्चची वही पुढे वंशावळ सिद्ध करताना अतिशय मोलाची ठरते, हे खरे. तथापि ती शासकीय दाखल्याची जागा घेऊ शकत नाही. दाखल्याच्या प्रती मात्र एकदमच आठ-दहा काढून ठेवाव्यात. बँक, वीज कंपनी, गॅस वितरक, तलाठी, महानगरपालिका, निवृत्तिवेतन कार्यालय अशी प्रत्येक ठिकाणी प्रत लागते.

समुद्रावर उपजीविका करणाऱ्या गावांत याहून कठीण प्रसंग येतो. होडी परतते, माणूस परतत नाही आणि मृतदेहही मिळत नाही. अशा वेळी सर्वसाधारण नियमानुसार सात वर्षे त्याची काही वार्ता नसल्यासच मृत्यूचे अनुमान करता येते आणि त्यासाठी न्यायालयाकडे जावे लागते. तोपर्यंत नावे बदलत नाहीत. पण बिले आणि कर थांबत नाहीत. म्हणून पोलीस ठाण्यात बेपत्ता झाल्याची नोंद त्याच दिवशी करून तिची प्रत जपून ठेवणे आणि दरम्यानच्या काळात कर भरीत राहणे, एवढेच कुटुंबाच्या हाती असते. कर भरण्यासाठी मालकी सिद्ध करावी लागत नाही. बिलावर नाव कोणाचेही असो, रक्कम कोणासही भरता येते.

दरमहाची बिले

आजकाल पुष्कळ बिले बँकेतून परस्पर वळती होतात. खातेदाराच्या मृत्यूची सूचना बँकेस मिळताच त्याच्या एकट्याच्या नावावरील खात्यातील व्यवहार थांबतात आणि त्याबरोबर ही वळतीही थांबते. मुलास वाटते बिल नेहमीप्रमाणे जात आहे. प्रत्यक्षात दोन बिले परत गेलेली असतात. यास्तव पहिल्या महिन्यातच वडिलांच्या खात्यातून कोणकोणती देणी जात होती हे पासबुकावरून तपासावे आणि ती दुसऱ्या खात्यातून भरण्याची तजवीज करावी. मृत व्यक्तीचे कार्ड वापरून पैसे काढणे मात्र कटाक्षाने टाळावे. हेतू कितीही शुद्ध असला तरी इतर वारसांना त्याचा जाब विचारता येतो, आणि बँकेच्या दृष्टीनेही ते गैर आहे. निवृत्तिवेतन चालू असेल तर मृत्यूची सूचना लगेच द्यावी; मृत्यूनंतर खात्यात जमा झालेले वेतन परत करावे लागते. पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळावयाचे असेल तर तेही या सूचनेनंतरच सुरू होते.

विजेच्या बाबतीत थोडे थांबले पाहिजे. उत्तनला महावितरणची वीज नाही; मुंबईच्या उपनगरांबरोबर मीरा-भाईंदरलाही खासगी कंपनी वीज पुरवते. कंपनी कोणतीही असो, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची २०२१ ची पुरवठा संहिता तिला लागू आहे. या संहितेत एक कलम असे आहे की, मृत ग्राहकाची थकबाकी ही त्या जागेवरील बोजा ठरते. घर विकत घेणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीवर जुन्या थकबाकीपैकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच जबाबदारी येते. वारसाला ही सवलत नाही. बाप-लेकाच्या बाबतीत सहा महिन्यांची मर्यादा लागू होत नसल्याने सगळी थकबाकी त्याच्याकडून मागता येते. म्हणून वारसाने मीटर स्वतःच्या नावावर करून घेण्यापूर्वी मागील बाकी किती आहे हे पाहावे आणि तिचा तपशील लेखी मागावा. नाव बदलण्यासाठी अर्ज, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती एवढे सामान्यतः पुरते.

गॅस जोडणी, दूरध्वनी, शिधापत्रिका यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. गॅस वितरकाकडे मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र दिल्यास जोडणी कुटुंबातील व्यक्तीच्या नावे होते. शिधापत्रिकेवरील नाव कमी करून घेणे हे कर्तव्य समजावे. भ्रमणध्वनीचा क्रमांक मात्र घाईने बंद करू नये. बँकांचे आणि शासकीय संकेतस्थळांचे परवलीचे आकडे त्याच क्रमांकावर येतात, आणि क्रमांक बंद केल्यावर ही अडचण लक्षात येते.

घरपट्टी

आता मुख्य विषयाकडे वळू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) मीरा-भाईंदरला लागू आहे. त्याच्या अनुसूची ‘ड’ मधील कराधान नियमांत वारसासंबंधी स्पष्ट तरतूद आहे. मालमत्ता कर देण्यास प्रथमतः जबाबदार असलेली व्यक्ती मरण पावल्यास, ज्याच्याकडे तिचा हक्क जातो त्याने मृत्यूपासून एक वर्षाच्या आत आयुक्तांना लेखी सूचना द्यावयाची असते. खरेदीखत किंवा अन्य दस्ताने झालेल्या हस्तांतरासाठी ही मुदत तीन महिन्यांची आहे. मृत्यूच्या बाबतीत कायद्याने वर्षभराची सवड दिली आहे. ही सवड शोकाकुल कुटुंबाचा विचार करून दिलेली असावी असे मानण्यास हरकत नाही. मात्र बारा महिन्यांत एकदाही प्रभाग कार्यालयात न जाणारी कुटुंबे पाहिली म्हणजे ती पुरेशी आहे की फारच जास्त, असा प्रश्न पडतो.

कर वर्षातून दोन हप्त्यांत, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दिवशी देय होतो. बिल बजावल्यानंतर विहित मुदतीत रक्कम न भरल्यास दरमहा २ टक्के शास्ती आकारली जाते. ही टक्केवारी लहान भासते; पण वर्षाचा हिशेब २४ टक्के होतो. समजा, एखाद्या घरावर ६,००० रुपयांची बाकी आहे आणि ‘कोणी भरायचे’ या वादात ती तीन वर्षे तशीच राहिली. ३६ महिन्यांची शास्ती ४,३२० रुपये होते, आणि त्या तीन वर्षांचे नवे कर व त्यांवरची शास्ती वेगळीच. वादात कोण जिंकले हे ठरेपर्यंत दोघांनीही हरलेले असते. शास्ती माफीच्या अभय योजना महानगरपालिका वेळोवेळी जाहीर करतात. परंतु तशी योजना येईलच या भरवशावर बाकी ठेवणे शहाणपणाचे नाही.

याच अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कर हा जमीनमहसुलाखालोखाल त्या मिळकतीवरील पहिला बोजा असतो. याचा अर्थ असा की, कर मनुष्याच्या मागे जात नाही, घराच्या मागे जातो. वडिलांनी ठेवलेली बाकी ‘त्यांची होती, आमची नव्हे’ असे म्हणून सुटका होत नाही. मागणीची नोटीस, जंगम वस्तूंची जप्ती आणि अखेरीस घराचीच जप्ती व विक्री हा क्रम कायद्याने आखून दिलेला आहे.

नाव बदलण्याच्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला, शेवटच्या बिलाची पावती, सर्व वारसांची यादी असलेले प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे जोडतात. मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत जोडावी. एकाच वारसाच्या नावे नोंद हवी असल्यास इतरांची संमती लागते. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. वाटणी झालेली नसेल तर सर्व वारसांची नावे एकत्र लावावीत. ‘आधी माझ्या नावावर होऊ दे, मग बघू’ या वाक्याने जितकी घरे भांडणात पडली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने पडली असतील. वारसाहक्काने करनोंद हस्तांतरित करणे ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे. ठरलेल्या कालमर्यादेत अर्जाचा निर्णय झाला नाही तर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि त्यापुढे लोकसेवा हक्क आयोग असा मार्ग नागरिकाला उपलब्ध आहे. अर्जाची पोच घेतल्यावाचून मात्र यातील काहीच साधत नाही.

ग्रामपंचायत क्षेत्रात हीच नोंद नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत होते. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील ती वही एकदा अवश्य चाळून पाहावी. किती नावे हयात माणसांची आहेत आणि किती नाहीत, हे सरपंचाला आणि ग्रामसेवकाला तोंडपाठ असते. फक्त वहीला ते ठाऊक नसते. उत्तनचे उदाहरण याही दृष्टीने बोलके आहे. गाव उद्या नगरपालिकेत गेले तर ग्रामपंचायतीची वही जशी असेल तशी पुढे जाते, आणि मृतांची नावे नव्या संस्थेच्या दप्तरातही उतरतात.

आणि एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. घरपट्टीची पावती हा मालकीचा दाखला नव्हे. कराची नोंदवही कर कोणाकडून वसूल करावयाचा हे ठरवण्यासाठी असते. गावात राहिलेला भाऊ वीस वर्षे कर भरतो आणि त्यामुळे घर आपले झाले असे समजू लागतो. नोकरीनिमित्त बाहेर गेलेला भाऊ पावतीवर आपले नाव नाही म्हणून हक्क गेला असे समजतो. दोघेही चुकतात. कर भरणाऱ्याला इतर वारसांकडून त्यांच्या हिश्श्याची रक्कम मागण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी पावत्या जपणे आवश्यक आहे. पण पावत्यांनी हिस्सा वाढत नाही. कोळीवाड्यातील आणि गावठाणातील घरांबाबत तर हे अधिकच लक्षात ठेवावे. तेथे घरावर कर आकारला जातो, परंतु घराखालच्या जमिनीचा अभिलेख निराळाच असू शकतो. किनाऱ्यावर मासळी वाळवण्याची जी जागा घराणे पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले, ती वापराची वहिवाट असते. ती घरपट्टीच्या बिलात शोधून सापडणार नाही.

तलाठ्याकडील नोंद

घराखाली किंवा घराबाहेर सातबाराची जमीन असेल तर महानगरपालिकेतील नोंदीने काम संपत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये वारसाने हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे तोंडी किंवा लेखी वर्दी द्यावयाची असते. म्हणजे महानगरपालिकेत एक वर्ष आणि महसूल खात्यात तीन महिने. या दोन मुदतींची गल्लत होऊ देऊ नये. तलाठ्याने, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नामाभिधान मिळाले आहे, वर्दीची लेखी पोच तत्काळ द्यावी असे त्याच कलमात म्हटले आहे.

वर्दी मिळाल्यावर नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते. वारसांची चौकशी होऊन मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय झाल्यावर नमुना ६ मध्ये फेरफार लिहिला जातो. फेरफाराची नोटीस चावडीवर लावली जाते आणि हितसंबंधितांना बजावली जाते. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास तो प्रमाणित होतो. हरकत आल्यास प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झालेल्या असतील तेथे अर्ज भूमी अभिलेख कार्यालयाकडे करावा लागतो. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही करता येतो. शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. अशी मोहीम काढावी लागली, यातच प्रश्नाची व्याप्ती दिसते.

वारस कोण?

प्रतिज्ञापत्रात वारसांची यादी लिहिताना खरी कसोटी लागते. यादी कोणाच्या मर्जीची नाही, ती कायद्याने ठरलेली असते. आणि कायदा धर्मपरत्वे भिन्न आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या पुरुषाची स्वतंत्र मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान मिळते. वडिलार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तिच्याविषयीचे उरलेसुरले संशय दूर केले.

उत्तनमधील ख्रिस्ती कुटुंबांना मात्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्यात पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत समान, अशी विभागणी आहे. पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून गृहस्थ निवर्तले असे समजू. हिंदू कुटुंबात आई हयात नसल्यास चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश येईल. ख्रिस्ती कुटुंबात पत्नीला तीन नवमांश आणि प्रत्येक अपत्याला दोन नवमांश मिळेल. आई निवर्तली आणि वडील मागे राहिले, तरी ख्रिस्ती कायद्यात प्रमाण तेच.

एक फरक विशेष दुःखदायक आहे. मुलगा वडिलांच्या आधी वारला असेल तर हिंदू कायद्यात त्याची विधवा आपल्या मुलांसह त्याच्या हिश्श्यात भागीदार होते. १९२५ च्या कायद्यात हिस्सा नातवंडांना मिळतो, सुनेला स्वतःला मिळत नाही; आणि नातवंडे नसतील तर ती रिकाम्या हाती राहते. ज्या गावात तरुण माणसे समुद्रावर जीव गमावतात त्या गावात ही बाब केवळ पुस्तकी नाही. सासऱ्याने मृत्युपत्र करून सुनेची सोय करणे हाच यावर उपाय. मृत्युपत्राला सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी ऐच्छिक आहे. भारतीय ख्रिश्चनांच्या मृत्युपत्राला २००२ सालच्या दुरुस्तीपासून प्रोबेट सक्तीचे राहिलेले नाही. बँकेतील ठेवी किंवा रोख्यांसाठी मात्र न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागितला जाऊ शकतो. आणि वारसाबद्दलच वाद असेल तर १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला घेता येतो.

बहिणींच्या नावाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. लग्न होऊन गेलेली बहीण यादीतून गाळण्याची खोड कोणत्याही एका समाजापुरती नाही. बहुधा ती लबाडीतूनही नसते; ‘तिला काय लागते’ अशा सहज विचारातून ती येते. परंतु प्रतिज्ञापत्रात वारस लपवणे हा गुन्हा आहे आणि गाळलेले नाव पुढे केव्हाही उभे राहू शकते. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर तिने हक्कसोडपत्र करून द्यावे, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे. कुटुंबातल्या कुटुंबात मोबदल्याशिवाय केलेल्या अशा दस्ताचे मुद्रांक शुल्क नाममात्र असते. साध्या कागदावर घेतलेली सही किंवा तलाठ्यापुढे दिलेला जबाब यांनी स्थावरातील हक्क सुटत नाही. आधी नाव लावावे, मग सोडावयाचे असेल तर सोडावे. हा क्रम बहिणीच्या मानाला शोभणारा आहे आणि कायद्यालाही धरून आहे.

नामनिर्देशनाबद्दलचा समज असाच घट्ट आहे. बँकेत किंवा विमापत्रावर ज्याचे नाव लावले तो मालक झाला, असे लोक धरून चालतात. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच हे स्पष्ट केले होते की, नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांच्या वतीने; २०१५ सालच्या विमा कायद्यातील दुरुस्तीपर्यंत विम्याला सरसकट हाच नियम होता. बँकेच्या ठेवींनाही न्यायालयाने हेच तत्त्व लावले आहे.

नावांचा घोळ

कागदोपत्री सर्व ठीक असूनही अर्ज परत येण्याचे उत्तनमधील संभाव्य कारण फार साधे आहे : एकाच माणसाची चार नावे. वसई-साष्टीचा हा किनारा १७३९ पर्यंत सुमारे दोन शतके पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि येथील ख्रिस्ती कुटुंबांची आडनावे त्या काळची. बाप्तिस्म्याच्या वहीत एक रूप, शाळेच्या वहीत दुसरे, जुन्या सातबारावर कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले तिसरे आणि आधार पत्रावर इंग्रजीवरून उलटे मराठीत आणलेले चौथे. मायकल हा सातबारावर मिंगेल असतो, जॉन हा जुवांव असतो. गोन्साल्विस या आडनावाची रूपे तर मोजावी तितकी. घरच्यांना तो एकच माणूस असतो, कार्यालयाला ते चार इसम दिसतात. अशा वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, चर्चच्या वहीतील उतारा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हे तीन कागद एकत्र जोडल्यास काम सुलभ होते. शिक्षक बंधुभगिनींनी येथे मनावर घ्यावे अशी विनंती आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या पटावरील एका ओळीसाठी कोणी म्हातारा शाळेच्या दारात आला, तर ती ओळ शोधून देणे म्हणजे त्याचे घर त्याला मिळवून देणेच असू शकते.

होडीही विसरता येणार नाही. घराइतकीच, किंबहुना अधिक किमतीची अशी ती मिळकत असते. तिची नोंदणी आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील परवाना मृताच्या नावावर असतो. डिझेलवरील कराची प्रतिपूर्ती त्याच्याच खात्यात जमा होते आणि ते खाते बंद पडले की तीही अडकते. मच्छीमार सहकारी संस्थेतील सभासदत्व महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीकडे, किंवा तशी नसल्यास वारसाकडे जाते. त्यासाठी संस्थेकडे अर्ज करावा लागतो. होडीवर संस्थेचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर त्याची बाकी वारसांनी आधी लेखी मागवावी. वारस मृताच्या कर्जास त्याच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरताच जबाबदार असतो. स्वतःच्या कमाईतून तो भाग भरण्याचे बंधन त्याच्यावर नाही. संस्थेच्या मंडळींनी पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना आणि घरचे सर्व पुरुष गावातच असताना, अशा कुटुंबांना एकत्र बोलावून त्यांचे अर्ज भरून घेतले, तर परवाना, सातबारा आणि घरपट्टी ही तिन्ही कामे एकाच मोसमात मार्गी लागू शकतील.